मायकेल क्यूसॅक आणि आयर्लंडचे खेळ

आयर्लंडांत चार माणसें एकत्र बसलीं आणि बोलणें खेळांवर आलें, तर तें फार वेळ खेळांपुरतेंच राहत नाहीं. हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे देशी खेळ, आणि सॉकर, रग्बी, क्रिकेट हे इंग्लंडांतून आलेले. मग सॉकर खेळणारा मुलगा कमी आयरिश ठरतो काय? देशी खेळांसाठीं लोकवर्गणींतून उभारलेल्या मैदानावर परक्या खेळांस जागा द्यावी कीं नाहीं? बेटाच्या उत्तर भागांतील खेळाडूनें कोणत्या संघांतून खेळावें? सव्वाशें वर्षांहून अधिक काळ हे प्रश्न तेथें वादले गेले आहेत, आणि एकाच घरांत बाप एक म्हणतो तर मुलगा दुसरें. या वादाचें मूळ शोधीत मागें गेलें कीं वाट एका शाळामास्तरापाशीं येऊन थांबते. मायकेल क्यूसॅक हें त्यांचें नांव. त्यांची हकीकत आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. थोर पुरुषांचीं चरित्रें बहुधा गुणांनींच भरलेलीं असतात. हें तसें नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत क्लेअर नांवाचा परगणा आहे. त्यांतील बरन हा प्रदेश म्हणजे चुनखडीच्या उघड्या खडकांचा अफाट माळ. जिकडे पाहावें तिकडे करडा दगड, आणि दगडाच्या भेगाभेगांतून वर आलेलें गवत व रानफुलें. या माळाच्या पूर्व कडेस असलेल्या कॅरन या गांवीं २० सप्टेंबर १८४७ रोजीं मायकेलचा जन्म झाला. बाप दुसऱ्याचीं गुरेंमेंढरें राखून पोट भरीत असे. घरांतली भाषा आयरिश. इंग्रजी त्या मुलास मागाहून शिकावी लागली.

जन्माचें हें वर्ष वाचकांनीं लक्षांत ठेवावें. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि बटाट्यावरच जगणाऱ्या गरीब कुळांवर असा दुष्काळ कोसळला कीं, पुढल्या चारपांच वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं आणि आणखी तितकींच, किंबहुना अधिक, जहाजांत बसून परदेशीं गेलीं. १८४१ सालीं ८० लक्षांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ सालीं सुमारें ६५ लक्षांवर आली. ज्या गांवांतून तरुणच नाहींसे झाले तेथें खेळणार कोण? शेतकऱ्यांचीं पोरें पिढ्यान् पिढ्या जे खेळ खेळत आलीं होतीं ते कित्येक ठिकाणीं बंद पडले. जी पिढी वांचली तिनें आयरिश भाषाहि हळूहळू टाकून दिली, कारण पोट भरावयाचें तर इंग्रजी हवी. मायकेल वाढला तो असा एकेक गोष्ट नाहींशी होत असतांना.

मुलगा हुशार होता. शिक्षकाचें रीतसर शिक्षण घेऊन त्यानें प्रथम गॅल्वे परगण्यांतील एका खेड्यांत शाळा चालविली आणि पुढें न्यूरी येथील सेंट कोलमन्स कॉलेज, डब्लिनजवळील ब्लॅकरॉक कॉलेज व क्लाँगोज वुड कॉलेज अशा नामांकित विद्यालयांत अध्यापन केलें. गुराख्याच्या मुलानें धनिकांच्या मुलांस शिकवावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. १८७६ सालीं मार्गारेट वुड्स या तरुणीशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८७७ सालीं त्यांनीं डब्लिनमध्यें स्वतःची अकॅडमी काढली. सरकारी नोकऱ्या, पोलीस खातें, सैन्य, ट्रिनिटी कॉलेज यांच्या प्रवेशपरीक्षांसाठीं तेथें विद्यार्थी तयार केले जात. शाळा चांगली चालली व मास्तरांच्या हातीं पैसा खेळूं लागला.

क्यूसॅक यांची अंगलट भक्कम होती. दाढी, रुंद कांठाची टोपी, हातांत काठी, आणि खणखणीत आवाज. रस्त्यांतून चालले तरी लोक वळून पाहत. सोळा पौंडी गोळा फेकण्यांत त्यांनीं आयर्लंडचें अजिंक्यपद मिळविलें होतें. आपल्या अकॅडमीचा त्यांनीं रग्बीचा संघ काढला व त्यांत स्वतः खेळले. क्रिकेटवरहि त्यांचें प्रेम होतें. १८८२ सालीं देखील आयरिश मुलांनीं क्रिकेट खेळावें असें त्यांनीं लिहिलें आहे. पुढें परक्या खेळांचा वैरी म्हणून ज्याचें नांव घेतलें गेलें तो मनुष्य पस्तिशीपर्यंत त्याच खेळांत रमलेला होता, ही गोष्ट त्यांचे भक्त व निंदक दोघेहि विसरतात.

मग हा पालट कशानें झाला? आमच्या समजुतीप्रमाणें तो एका दिवसांत झाला नाहीं. डब्लिनमध्यें धांवणें, उड्या, गोळाफेक वगैरेंच्या ज्या शर्यती होत त्यांचीं सूत्रें वरच्या वर्गाच्या हातीं होतीं. तेथील नियम इंग्लंडांतून आलेले. त्यांप्रमाणें हौशी खेळाडू म्हणजे सभ्य गृहस्थ, आणि हातानें काम करून पोट भरणारा कारागीर किंवा मजूर त्यांत बसत नसे. शर्यतींवर पैजा लागत. रविवारीं खेळ करणें या मंडळींस पसंत नसे, आणि गरिबास तर रविवारावांचून दुसरा मोकळा दिवस नाहीं. गुराख्याच्या या मुलास हें खुपूं लागलें. खेळाचीं दारें सर्वांस उघडीं करावीं म्हणून त्यांनीं प्रथम त्या संस्थांच्या आंत राहूनच खटपट केली. ती फुकट गेल्यावर त्यांनीं तो नाद सोडला. याच सुमारास आयरिश भाषेच्या रक्षणासाठीं झटणाऱ्या मंडळींत ते मिसळूं लागले होते. भाषा व खेळ हीं एकाच झाडाचीं फळें आहेत असें त्यांस वाटूं लागलें असल्यास नवल नाहीं.

हर्लिंग हा खेळ आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिला नसेल. हॉकीशीं त्याचें दुरून साम्य आहे. अॅश झाडाच्या लांकडाची, टोंकाशीं रुंद व चपटी अशी काठी, आणि चामड्यानें मढविलेला लहान चेंडू. परंतु हॉकींत चेंडू बहुतेक जमिनीवरून जातो, तर हर्लिंगमध्यें तो डोक्यावरून उडत असतो, हातानें झेलतां येतो, काठीच्या पात्यावर तोलून धरून धांवतां येतें, आणि पुन्हां वर उडवून तडाखा देतां येतो. जगांतील अतिशय वेगवान मैदानी खेळांत याची गणना होते. आयर्लंडच्या पुराणकथांतील वीरहि हा खेळ खेळतांना दाखविले आहेत. गेलिक फुटबॉल हा त्याचा जोडीदार. त्यांत चेंडू पायानें तसाच हातानेंहि खेळतात.

१८८२ सालाच्या अखेरीस क्यूसॅक यांनीं कांहीं मित्रांसह डब्लिन हर्लिंग क्लब काढला. तो टिकला नाहीं. परंतु त्यांच्या अकॅडमींतील मुलांनीं डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्यें हर्लिंग खेळण्याचा परिपाठ ठेविला, आणि त्यांतूनच १८८३ च्या डिसेंबरांत मेट्रोपॉलिटन हर्लिंग क्लब उभा राहिला. १८८४ च्या ईस्टरच्या सोमवारीं हा क्लब गॅल्वे परगण्यांत बॅलिनस्लो येथें किलिमोर गांवच्या संघाशीं सामना खेळण्यास गेला. सामना कसला, पंचाईतच ती! किलिमोरकरांचे नियम एक, डब्लिनकरांचे दुसरे. पुन्हां पुन्हां खेळ थांबवावा लागला आणि अखेर तो पुरा झालाच नाहीं. एकेकाळीं आमच्याकडील हुतूतूचे नियम गांवोगांव निराळे असत हें वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक आहे. नेमकी तीच स्थिति तेथें होती. खेळ जगवावयाचा तर साऱ्या देशास एकच नियमावली पाहिजे आणि ती सांभाळणारी एक संस्था पाहिजे, हें क्यूसॅक यांनीं त्या दिवशीं पक्कें ओळखलें.

११ ऑक्टोबर १८८४ रोजीं डब्लिनच्या राष्ट्रीय वर्तमानपत्रांत त्यांनीं निनांवी लेख लिहिला. जे लोक आपले खेळ परक्यांच्या हातीं सोंपवितात त्यांचा पीळ हळूहळू सुटतो, तेव्हां आयरिश खेळांची व्यवस्था आयरिश लोकांनींच हातीं घ्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. पुढल्याच आठवड्यांत मॉरिस डॅव्हिन यांनीं आपल्या नांवानिशीं पाठिंबा जाहीर केला. डॅव्हिन हे टिपेररी परगण्यांतील शेतकरी, गोळाफेक व हातोडाफेक यांतील त्या काळचे नामांकित वीर, स्वभावानें शांत व सर्वांस मान्य. असा मनुष्य पाठीशीं उभा राहिल्यावर उशीर कशाला? दोघांच्या सहीचें निमंत्रण निघालें.

१ नोव्हेंबर १८८४ रोजीं टिपेररी परगण्यांतील थर्ल्स या गांवीं, हेज यांच्या हॉटेलांत सभा भरली. आज ज्या संस्थेचे क्लब आयर्लंडच्या बहुतेक प्रत्येक गांवीं आहेत तिच्या जन्मसमयीं किती माणसें हजर होतीं? नांवें मिळतात तीं सातांचीं. क्यूसॅक व डॅव्हिन. जॉन वाइज पॉवर व जॉन मकाय हे दोन पत्रकार. सॉलिसिटर जोसेफ ओ'रायन. दगडी बांधकामाचे कंत्राटदार जे. के. ब्रॅकन, आणि सातवे टॉमस सेंट जॉर्ज मकार्थी, हे तर पोलीस अधिकारी! मकार्थी क्यूसॅक यांच्याच अकॅडमींत शिकले होते आणि आयर्लंडच्या संघांतून रग्बीहि खेळले होते. ब्रॅकन यांचें नांव ब्रिटिश सत्तेविरुद्ध कट करणाऱ्या गुप्त संघटनेशीं जोडलें जात असे. दैवाचा खेळ असा कीं, त्यांचाच मुलगा ब्रेंडन पुढें दुसऱ्या महायुद्धांत चर्चिल यांच्या मंत्रिमंडळांत माहितीमंत्री झाला. कटवाला व पोलीस एका मेजाशीं बसून खेळांची संस्था काढतात, हा प्रसंग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. संस्थेचें नांव गेलिक अॅथ्लेटिक असोसिएशन, अध्यक्ष डॅव्हिन, चिटणिसांत प्रमुख क्यूसॅक.

आश्रयदाते म्हणून तिघांस विनंती करण्यांत आली: कॅशलचे आर्चबिशप क्रोक, स्वराज्यपक्षाचे पुढारी पार्नेल, आणि कुळांच्या चळवळीचे प्रवर्तक मायकेल डॅव्हिट. तिघांनींहि होकार दिला. क्रोक यांनीं डिसेंबरांत पाठविलेल्या पत्रांत टेनिस, क्रिकेट असल्या परक्या खेळांबरोबर आपण परके रीतिरिवाजहि आयात करीत आहों व आपले जुने खेळ विसरत आहों याबद्दल खंत व्यक्त केली. तें पत्र पुढें संस्थेची सनदच मानलें गेलें. धर्म, राजकारण व जमीन या तीन बाजूंनीं संस्थेस असा टेंकू मिळाला. मात्र टेंकू देणारा कधींकधीं घरावर हक्कहि सांगतो, हा अनुभव तिला लौकरच यावयाचा होता.

१८८५ सालीं डॅव्हिन यांनीं हर्लिंग, फुटबॉल व मैदानी शर्यतींचे नियम तयार केले. क्लब धडाधड निघूं लागले. रविवारीं दुपारीं गांवोगांवचीं कुरणें माणसांनीं फुलूं लागलीं. डब्लिनच्या जुन्या मंडळींनीं आपली वेगळी संस्था काढली, तेव्हां क्यूसॅक यांनींहि उलट नियम केला कीं, दुसऱ्या संस्थेच्या नियमांखालीं शर्यत करणारास आमच्या शर्यतींत मज्जाव. जून १८८५ मध्यें केरी परगण्यांत ट्रेली येथें दोन्ही पक्षांनीं एकाच दिवशीं शर्यती ठेविल्या. गेलिक संस्थेच्या मैदानावर हजारों लोक लोटले, तर प्रतिपक्षाचें मैदान ओस पडलें. त्या दिवशींच्या विजयानें क्यूसॅक यांस जितका आनंद झाला असेल तितकाच कदाचित् त्यांचा तोलहि गेला असेल.

कारण संस्था वाढत असतां चिटणिसांचें दप्तर मात्र विस्कटत चाललें. क्लबांचीं पत्रें उत्तरावांचून पडून राहत. हिशेब वेळेवर ठेवला जात नसे. ज्यांचीं उत्तरें जात त्यांस तीं न मिळतीं तर बरें असें वाटावें इतकी त्यांची लेखणी तिखट होती. विरोधकांवर ती चालली तोंवर लोक हसले. पुढें ती मित्रांवर चालूं लागली. अखेर आर्चबिशप क्रोक यांच्याशींहि त्यांनीं खटका उडविला, आणि ज्या थर्ल्समध्यें संस्था जन्मली त्याच थर्ल्समध्यें, ४ जुलै १८८६ रोजीं, सभेनें त्यांस चिटणीसपदावरून दूर केलें. स्थापनेस पुरीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. हा अन्याय होता असें क्यूसॅक यांचे कैवारी म्हणतात. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. सभेनें दिलेलीं कारणें खरीं होतीं. परंतु हेंहि तितकेंच खरें कीं, दप्तर नीटनेटकें ठेवणाऱ्या शंभर कारकुनांनीं मिळून ती संस्था काढली नसती.

क्यूसॅक गप्प बसणारे नव्हते. जानेवारी १८८७ मध्यें त्यांनीं सेल्टिक टाइम्स नांवाचें साप्ताहिक काढलें. देशी खेळ, आयरिश भाषा, कामगारांचे हक्क, आणि नव्या कार्यकारी मंडळावर कोरडे, असा त्यांतील मजकूर असे. वर्षभरांत तें बंद पडलें. इकडे संस्थेंतहि स्वस्थता नव्हती. त्या गुप्त क्रांतिकारक संघटनेच्या लोकांनीं तिच्यांत शिरकाव केला, आणि नोव्हेंबर १८८७ च्या थर्ल्स येथील अधिवेशनांत धर्मगुरूंचा पक्ष व त्यांचा पक्ष हातघाईवर आले. डॅव्हिन यांचें अध्यक्षपद गेलें आणि दोन महिन्यांनीं तडजोड होऊन तें त्यांस परत मिळालें. अशा धामधुमींतच अखिल आयर्लंडची पहिली स्पर्धा झाली. १८८७ सालच्या हर्लिंगचा अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजीं बर येथें होऊन टिपेररीच्या थर्ल्स संघानें गॅल्वेच्या मीलिक संघास जिंकलें. पुढें पार्नेल यांच्या प्रकरणावरून सारा देश दुभंगला तेव्हां संस्थाहि त्यांत सांपडली व कित्येक वर्षें तिला ग्रहण लागलें. १८९१ च्या ऑक्टोबरांत पार्नेल यांच्या अंत्ययात्रेंत हर्लिंगच्या काठ्यांस काळें फडकें गुंडाळून खेळाडू चालले होते. खेळ व राजकारण वेगळीं ठेवावीं असें म्हणणें सोपें आहे. ज्या देशांत खेळाची काठीच शोकाचें चिन्ह होते तेथें तें कसें साधावें?

क्यूसॅक यांचें स्वतःचें आयुष्य या काळांत उतरणीस लागलें होतें. संस्थेच्या पायीं अकॅडमीकडे दुर्लक्ष झालें व विद्यार्थी गळाले. १८९० सालीं क्षयानें पत्नी वारली, त्याच वर्षीं एक मुलगी गेली, आणि घर मोडलें. पुढें ते खाजगी शिकवण्या व वर्तमानपत्रांतील लेखन यांवर दिवस काढीत. ओळखीच्या माणसांस ते नागरिक म्हणून हांक मारीत, आणि लोकांनीं त्यांस तेंच नांव ठेविलें. संस्थेवरचा जीव मात्र सुटला नाहीं. १९०१ सालीं ते चिटणीसपदासाठीं पुन्हां उभे राहिले, पण थोडक्या मतांनीं पडले. २८ नोव्हेंबर १९०६ रोजीं डब्लिनच्या रस्त्यांतच ते कोसळले व त्याच दिवशीं वारले. वय ५९ वर्षांचें. ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. जेम्स जॉइस यांच्या १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या युलिसिस या कादंबरींत दारूच्या गुत्त्यांत बसून परक्यांस शिव्या देणारा नागरिक म्हणून एक पात्र आहे. तें क्यूसॅक यांच्यावरून घेतलें असें मानतात, आणि जगांतील पुष्कळ वाचकांस ते तेवढेच ठाऊक आहेत. चित्र हुबेहूब असेलहि, पण तें उतारवयाचें आहे; त्यांत फिनिक्स पार्कवरील मास्तर नाहीं.

त्यांनीं पेरलेल्या मज्जावाचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो नव्या स्वरूपांत आला: सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे परके खेळ खेळणारास, इतकेंच नव्हे तर ते पाहावयास जाणारासहि, गेलिक संस्थेंत स्थान नाहीं. पोलीस व ब्रिटिश सैनिक यांसहि दार बंद झालें. म्हणजे संस्थापकांपैकीं मकार्थी यांस स्वतःच्याच संस्थेंत प्रवेश उरला नाहीं. २१ नोव्हेंबर १९२० रोजीं डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर फुटबॉलचा सामना चालू असतां ब्रिटिश शिपायांनीं गोळीबार केला व त्यांत १४ माणसें मेलीं. टिपेररीचा खेळाडू मायकेल होगन हा त्यांतला एक. अशा आठवणीमुळें नियम सैल करावयाचें कोणी मनांतहि आणीना. १९३८ सालीं क्रोक पार्कवर प्रेक्षकांसाठीं क्यूसॅक यांच्या नांवाची भव्य गॅलरी बांधण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड, ज्यांनीं आयरिश भाषेसाठीं आयुष्य वेंचलें होतें, ते आयर्लंड विरुद्ध पोलंड हा सॉकरचा सामना पाहावयास गेले म्हणून संस्थेनें त्यांस आश्रयदातेपदावरून काढून टाकलें. क्यूसॅक असते तर त्यांनीं कोणाची बाजू घेतली असती हें त्यांच्या स्वभावावरून सांगणें कठीण आहे.

हा मज्जाव १९७१ सालीं बेलफास्ट येथील अधिवेशनांत उठला. पोलीस व सैनिकांवरील बंदी २००१ सालीं गेली. २००५ सालीं पुष्कळ वादविवादानंतर क्रोक पार्कचें दार कांहीं काळापुरतें सॉकर व रग्बी यांस उघडण्याचें ठरलें. सॉकरची व्यवस्था तर १९२१ सालींच दुभंगली आणि तेव्हांपासून बेटावर तिच्या दोन संस्था झाल्या; उलट गेलिक खेळ व रग्बी या दोहोंचा कारभार फाळणीनंतरहि बत्तीसहि परगण्यांचा एकच राहिला.

२४ फेब्रुवारी २००७ रोजीं इंग्लंडचा रग्बी संघ क्रोक पार्कवर प्रथमच उतरला. ब्रिटनचें राष्ट्रगीत त्या मैदानावर कसें ऐकलें जाईल याची अनेकांस धास्ती होती. लोक शांतपणें उभे राहिले. आयर्लंडनें सामना ४३ विरुद्ध १३ असा जिंकला. क्यूसॅक यांच्या नांवाची गॅलरी त्या दिवशीं गच्च भरली होती, आणि समोर मैदानावर चालला होता तो खेळ डब्लिनच्या त्या मास्तरांनीं आपल्या विद्यार्थ्यांबरोबर आवडीनें खेळलेला होता.